छोट्या रेग्युलेटरची उष्णता: पॅकेज, तांबं आणि हवा

वाय-फायवर चालणारा स्विच असो, शेतातली मोटर चालू-बंद करणारा जीएसएम कंट्रोलर असो, की गोदामातलं तापमान नोंदवणारी डबी असो, बोर्डाच्या एका कोपऱ्यात एक काम ठरलेलं असतं. बाहेरून १२ व्होल्ट येतात, त्यांचे ३.३ करायचे. लोड फार नसतो. ईएसपी३२ जातीचं मॉड्यूल सरासरी १२० मिलिअँपिअर घेतं असं धरू. डिझायनर डेटाशीट उघडतो, कमाल करंट ३०० मिलिअँपिअर आणि कमाल इनपुट १५ व्होल्ट असे दोन आकडे बघतो आणि एसओटी-२३ पॅकेजमधला, जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा रेग्युलेटर निवडतो. दोन्ही मर्यादा पाळल्या गेल्या आहेत. तरीही हा बोर्ड चालणार नाही.

हिशेब दोन ओळींचा आहे. लिनियर रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेतो आणि त्याची उष्णता करतो. १२ वजा ३.३ म्हणजे ८.७ व्होल्ट, त्याला ०.१२ अँपिअरने गुणलं की १.०४ वॅट. एसओटी-२३चा थर्मल रेझिस्टन्स, म्हणजे आतल्या सिलिकॉनपासून बाहेरच्या हवेपर्यंत उष्णतेला होणारा एकूण अडथळा, साधारण २०० ते २५० अंश प्रति वॅट असतो. एका वॅटला तापमान दोनशे अंशांनी चढलं पाहिजे. सिलिकॉनची सोसायची मर्यादा बहुतेक डेटाशीटमध्ये १२५ अंश सेल्सिअस दिलेली असते. चिप ती मर्यादा ओलांडून थोडी पुढे गेली की स्वतःला बंद करेल.

रेग्युलेटर निवडताना करंटचा आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो आणि सगळ्यात कमी उपयोगाचा असतो. करंट चिप सोसते. उष्णता बाहेर काढायची जबाबदारी मात्र पॅकेज, बोर्ड आणि हवा या तिघांची असते. त्यात पॅकेजचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच लहान आहे. या लेखाचा सगळा रोख तिकडे आहे.

पूर्वी ही गल्लत होत नसे. नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये बॉब विडलर यांनी १९७०च्या सुमारास एलएम ३०९ हा तीन जोडण्यांचा पाच व्होल्टचा रेग्युलेटर आणला, तेव्हा उष्णता हाच मुख्य प्रश्न होता. पॉवर ट्रान्झिस्टर आणि अचूक संदर्भ-व्होल्टेज देणारं सर्किट एकाच सिलिकॉनवर ठेवलं की पहिला तापतो आणि दुसऱ्याला बिघडवतो. विडलर यांनी तापमानाने फारसा न हलणारा बँडगॅप संदर्भ वापरला आणि चिप फार तापली तर तिने स्वतःच आउटपुट तोडावं अशी सोय आतच केली. हा भाग टीओ-३ या जाड धातूच्या डबीत यायचा आणि स्क्रूने चासीवर आवळला जायचा. पुढे ७८०५ आला, टीओ-२२० या प्लास्टिकच्या पॅकेजमध्ये, पाठीला धातूची पट्टी आणि पट्टीला भोक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत ७८०५ घेणाऱ्याला ते भोक कशासाठी आहे हे कुणी समजावून सांगावं लागत नसे. उष्णतेचा बाहेर पडायचा रस्ता डोळ्यांना दिसत होता. हीटसिंक न लावताही टीओ-२२० हवेत उभा असला तर त्याचा उष्णतेचा रोध ५० ते ६५ अंश प्रति वॅट असतो, म्हणजे एक वॅट तो आरामात पेलतो.

सरफेस माउंट आलं आणि हीटसिंक नजरेआड झाला. तो गेला नाही. बोर्डावरचं तांबंच हीटसिंक झालं. पण लेआउट करणारा माणूस त्या तांब्याकडे वायर म्हणून बघतो, हीटसिंक म्हणून बघत नाही. तिथून पुढच्या बहुतेक अडचणी सुरू होतात.

एसओटी-२२३ हे पॅकेज उदाहरणाला सगळ्यात चांगलं, कारण ते सगळीकडे आहे आणि त्याचे आकडे भरपूर उपलब्ध आहेत. १११७ नावाचा रेग्युलेटर बहुधा याच पॅकेजमध्ये येतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एलएम १११७च्या डेटाशीटमध्ये एक तक्ता आहे. वरच्या बाजूला किती तांबं ठेवलं तर रोध किती, हे त्यात मोजून दिलंय. पट्टीखाली फक्त सोल्डर करण्यापुरतं, म्हणजे ०.०८ चौरस सेंटिमीटर तांबं असेल तर १३६ अंश प्रति वॅट. सुमारे दोन चौरस सेंटिमीटर केलं की ८४. साडेतीनला ७५. पूर्ण एक चौरस इंच, म्हणजे जवळजवळ साडेसहा चौरस सेंटिमीटर केलं की ६६.

या तक्त्याशेजारी आणखी एक आकडा ठेवायला हवा: एसओटी-२२३मध्ये सिलिकॉनपासून पॅकेजच्या पट्टीपर्यंतचा रोध फक्त १५ अंश प्रति वॅट आहे. म्हणजे १३६ पैकी १५ पॅकेजचे आणि उरलेले १२१ बोर्डाचे नि हवेचे. तांबं एक चौरस इंच केल्यावरही ६६ पैकी ५१ बाहेरचेच. पॅकेज बदलून तुम्ही पंधरातले काही वाचवाल. तांबं बदलून सत्तर वाचवता येतात.

तक्त्यातली दुसरी गोष्टही लक्ष देण्यासारखी आहे. पहिल्या दोन चौरस सेंटिमीटरनी रोध ५२ने उतरवला. पुढच्या साडेचारनी फक्त १८ने. तांबं वाढवत गेलं की फायदा आटतो. याचं कारण तांब्याच्या जाडीत आहे. नेहमीच्या बोर्डावरचं तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं. तांबं उष्णता उत्तम वाहून नेतं हे खरं, पण इतक्या पातळ थराच्या कुठल्याही चौरस तुकड्याच्या एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सुमारे ७३ अंश प्रति वॅट इतका रोध असतो. तुकडा एक मिलिमीटरचा असो वा एक फुटाचा, चौरस आहे तोवर आकडा तोच. त्यामुळे रेग्युलेटरपासून दूरच्या तांब्यापर्यंत उष्णता पोचता पोचताच तापमान बरंच खाली येतं आणि ते दूरचं तांबं हवेला फारसं काही देत नाही.

ही चौरसांची रीत लेआउट बघताना फार कामाला येते. एक मिलिमीटर रुंद आणि दहा मिलिमीटर लांब ट्रॅक म्हणजे ओळीने दहा चौरस, म्हणजे ७३० अंश प्रति वॅट. रेग्युलेटर अशा ट्रॅकने मोठ्या कॉपर पोअरला जोडलेला असेल तर उष्णतेच्या दृष्टीने तो जोडलेलाच नाही. सोल्डरिंग सोपं जावं म्हणून सॉफ्टवेअर पॅडभोवती आपोआप चार बारीक पट्ट्या ठेवतं, बाकीचं तांबं कापतं. पट्टी जितकी रुंद तितकीच लांब असेल तर प्रत्येक पट्टी एक चौरस, चार समांतर, म्हणजे १८ अंश प्रति वॅट विनाकारण खर्च. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय डिफॉल्टने चालू असते. रेग्युलेटरच्या पट्टीसाठी ती हाताने बंद करावी आणि तांबं सलग ठेवावं. ७० मायक्रॉनचं तांबं घेतलं तर चौरसाचा रोध निम्मा होतो. बोर्ड महागतो, पण पॉवरच्या बोर्डावर तो खर्च वसूल होतो.

खालच्या थराकडे उष्णता न्यायची तर व्हायांची, म्हणजे आतून तांब्याने मढवलेल्या आरपार भोकांची, गरज लागते, कारण फायबरग्लासचा बोर्ड तांब्याच्या हजारपट वाईट वाहक आहे. ०.३ मिलिमीटर भोकाची, २५ मायक्रॉन प्लेटिंगची एक व्हाया १.६ मिलिमीटरच्या बोर्डातून सुमारे १९० अंश प्रति वॅट इतका रोध दाखवते. एकीने काहीच होत नाही. नऊ एकत्र दिल्या की एकवीस. त्या पॅडखाली असल्या पाहिजेत. पाच मिलिमीटर दूर दिल्या तर वरच्या थरातला चौरसांचा रोध मधे येतो. पॅडखालच्या उघड्या व्हायांत सोल्डर खाली ओढला जाऊन जोड अर्धवट राहण्याची भीती असते, म्हणून भोक ०.३च्या आसपास ठेवतात किंवा व्हाया भरून घेतात. बोर्ड बनवणाऱ्याशी हे आधी बोलून घेणं चांगलं.

आता पॅकेजांकडे वळू. एसओटी-२३चा दोष आकारात कमी आणि आतल्या रचनेत जास्त आहे. चिप ज्या धातूवर बसवलेली असते तो बाहेर येतो एका पायाने, आणि तो पाय अर्धा मिलिमीटर रुंदही नसतो. बाहेर कितीही तांबं पसरलं तरी त्या पायातून जायला हवं. मायक्रोचिपच्या एमसीपी १७००चे आकडे हे नीट दाखवतात: एसओटी-२३मध्ये कमीत कमी ट्रॅकवर ३३६, चार थरांच्या बोर्डावर २३०. तोच भाग एसओटी-८९मध्ये, एक चौरस इंच तांब्यावर, ५२. एसओटी-८९मध्ये चिपखालचा धातू रुंद पट्टी होऊन थेट बोर्डावर बसतो. ते जागा जास्त घेतं, पण उंची आणि किंमत यांत दोघांत फरक थोडाच आहे. पाव वॅटच्या वर जायचं असेल तर एसओटी-२३वर हट्ट धरण्यात मला तरी काही अर्थ दिसत नाही.

डीएफएन किंवा डब्ल्यूसन नावाची बिनपायांची पॅकेजेस याच्या उलट टोकाला आहेत. त्यांच्या पोटाखाली उघडा धातूचा पॅड असतो आणि चिप थेट त्याच्यावर चिकटवलेली असते. एलएम १११७च्या नव्या डेटाशीटमध्ये चार मिलिमीटर चौरसाच्या डब्ल्यूसनचा रोध ३९.३ दिलाय, त्याहून किती तरी मोठ्या दिसणाऱ्या एसओटी-२२३चा ६१.६ आणि टीओ-२५२चा ४५.१. लहान पॅकेज म्हणजे वाईट पॅकेज, हा समज इथे मोडतो. मात्र हा ३९.३ तेव्हाच, जेव्हा पॅडखाली व्हाया आहेत, आत सलग ग्राउंड थर आहे आणि पॅड पूर्ण सोल्डर झालाय. दोन थरांच्या दाटीच्या बोर्डावर तेच पॅकेज सहज दुप्पट रोध दाखवेल. शिवाय हाताने दुरुस्ती करणाऱ्यासाठी ते अवघड. खेड्यापाड्यांत दुरुस्त व्हावी अशी वस्तू बनवायची असेल तर एसओटी-२२३ किंवा टीओ-२५२ घ्यावं. साध्या सोल्डरिंग आयर्नने काढता-घालता येतं, हा गुण डेटाशीटमध्ये नसतो पण खरा आहे.

पट्टी आतून कशाला जोडलेली आहे, हे पॅकेजइतकंच महत्त्वाचं आहे आणि हमखास विसरलं जातं. ७८०५ची पट्टी ग्राउंडला असते. ७९०५ची इनपुटला. एलएम ३१७ आणि १११७ची आउटपुटला. एमसीपी १७०० आणि होलटेकच्या एचटी ७३३३ची एसओटी-८९मधली पट्टी इनपुटला. बोर्डावर सगळ्यात जास्त तांबं ग्राउंडचं असतं. ग्राउंडची पट्टी असेल तर हीटसिंक आयता मिळतो. आउटपुटची असेल तर ३.३ व्होल्टचं वेगळं तांबं ओतावं लागतं. तेही बऱ्यापैकी जमतं, कारण ३.३ अनेक ठिकाणी न्यायचेच असतात. इनपुटची असेल तर अडचण. १२ व्होल्टचं मोठं तांबं बोर्डभर कुणालाच नको असतं. म्हणून दोन भागांचा रोध डेटाशीटमध्ये सारखा असला तरी प्रत्यक्ष बोर्डावर ग्राउंड पट्टीवाला जिंकतो. ७८०५च्या सवयीने १११७ची पट्टी ग्राउंडच्या तांब्यावर सोल्डर केली तर आउटपुट सरळ शॉर्ट होतं, हा धोका वेगळाच.

इथवर जे आकडे आले त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा? वर एसओटी-२२३साठी एकाच भागाचे दोन आकडे आले आहेत, १३६ आणि ६१.६. दोन्ही खरे. पहिला जवळजवळ तांबं नसलेल्या बोर्डावरचा, दुसरा जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमाण-बोर्डावरचा. जेडेकच्या जेईएसडी ५१ या मानकांत लहान पॅकेजसाठी साधारण ७६ बाय ११४ मिलिमीटरचा बोर्ड ठरवलाय. चार थरांच्या प्रकारात आतले दोन थर सलग तांब्याचे. तो बोर्ड एक फूट बाजूच्या बंद खोक्यात, स्थिर हवेत ठेवून मोजतात आणि त्यावर उष्णता देणारा भाग एकच असतो. हे मानक दोन कंपन्यांची पॅकेजेस एकमेकांशी ताडून बघायला आहे. आपल्या बोर्डाचं भाकीत करायला ते बनवलेलंच नाही, आणि मानक स्वतः तसं सांगतं. माझा बोर्ड ४० बाय ३० मिलिमीटरचा, दोन थरांचा, शेजारी रिले आणि मॉड्यूल दोघंही तापणारे, माझ्यासाठी ६१.६ हा आकडा फारच आशावादी. अशा वेळी डेटाशीटमधल्या चार थरांच्या आकड्याच्या दीडपट ते दुप्पट धरून चालणं मला सुरक्षित वाटतं.

बोर्ड किती मोठा लागेल याचा ढोबळ अंदाज हवेवरून काढता येतो. स्थिर हवेत, अभिसरण आणि प्रारण मिळून, एक चौरस सेंटिमीटर पृष्ठभागाचा रोध सुमारे १००० अंश प्रति वॅट धरतात. बोर्डाचा पृष्ठभाग हवेपेक्षा ४० अंश गरम चालेल असं ठरवलं तर एका वॅटला २५ चौरस सेंटिमीटर हवेत. दोन्ही बाजू मोकळ्या असतील तर बोर्डाचे साडेबारा. हा हिशेब पॅकेज बघतच नाही. कुठलंही पॅकेज घ्या, वॅट शेवटी याच पृष्ठभागातून जाणार. बोर्डच चार चौरस सेंटिमीटरचा असेल आणि आत एक वॅट जळत असेल, तर पॅकेजच्या यादीत उत्तर सापडणार नाही.

आणि हवा म्हणजे कुठली हवा? डेटाशीट २५ अंशांची बोलते. विदर्भात मे महिन्यात सावलीतलं तापमान ४५च्या पुढे जातं. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात टांगलेल्या प्लास्टिकच्या बंद डबीत आतली हवा ६० अंशांवर सहज जाते, आणि रेग्युलेटरसाठी हवा ती. १० बाय ६ बाय ३ सेंटिमीटरच्या बंद डबीचं बाहेरचं क्षेत्रफळ २१६ चौरस सेंटिमीटर. आतली हवा ते भिंत आणि भिंत ते बाहेरची हवा, असे दोन टप्पे धरले तर आतल्या दर वॅटला हवा साधारण दहा अंशांनी तापते. त्यात रेग्युलेटरचा वॅट, रिलेच्या कॉइलचा वॅट, मॉड्यूलचा वॅट सगळे मोजायचे. चंद्रपूरच्या शेतात लागणाऱ्या कंट्रोलरचा हिशेब २५ अंशांपासून सुरू केला तर १०० अंशांची सवलत हातात आहे असं वाटतं. ६५पासून सुरू केला तर ६० उरते. तोच रेग्युलेटर, तोच बोर्ड, पण पेलायची क्षमता ४० टक्क्यांनी कमी.

इनपुट व्होल्टेजचंही असंच. १२ व्होल्टचा साधा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज आणि कपॅसिटर लावला की हलक्या लोडवर साडेपंधरा व्होल्ट मिळतात. रात्री लाइन चढून २५३ व्होल्ट झाली तर सतराच्या पुढे. गाडीची बॅटरी १२ची म्हणतात, इंजिन चालू असताना ती १४.४ला चार्ज होत असते. उष्णतेचा हिशेब नेहमी या वरच्या आकड्यावर करायचा.

आता सुरुवातीच्या बोर्डाकडे बघू. १.०४ वॅट आहे, डबीत ५० अंश. एसओटी-२२३ एक चौरस इंच तांब्यावर: ६९ अंशांची चढ, सिलिकॉन ११९वर. कागदावर पास, प्रत्यक्षात काठावर. टीओ-२५२ तेवढ्याच तांब्यावर, ४७ अंश प्रति वॅट धरून: ९९. ठीक. पण याहून सोपा उपाय १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरऐवजी ५ व्होल्टचा देणं हा आहे. ५ वजा ३.३, गुणिले ०.१२, म्हणजे ०.२ वॅट. पाचपट कमी. मग एसओटी-२३सुद्धा चालतो: चढ ४१ अंश, सिलिकॉन ९१वर. लिथियम सेलवर चालणारी वस्तू असेल तर ४.२चे ३.३ करताना ०.११ वॅट, तिथे एसओटी-२३ ही अगदी योग्य निवड आहे. पॅकेजचा प्रश्न पडला की आधी वॅट कमी करता येतात का हे बघावं, असा माझा आग्रह आहे, कारण अॅडॉप्टर बदलणं बहुतेक वेळा कुणाच्या तरी हातात असतं आणि कुणीच विचारत नाही.

आर्डुइनो उनो बोर्ड हे याचं घरोघरी पोचलेलं उदाहरण. त्याच्या आर३ आवृत्तीवर एसओटी-२२३मधला एनसीपी १११७ आहे, एक अँपिअरचा. गोल पिनच्या जॅकला १२ व्होल्ट दिले, डायोडचे ०.७ वजा जाता ११.३ उरले, आणि पाच व्होल्टवर २०० मिलिअँपिअर घेतले तर १.२६ वॅट. त्या बोर्डावर ८० अंश प्रति वॅट धरले तर शंभर अंशांची चढ. ३० अंशांच्या खोलीत सिलिकॉन १३०वर, तेही छापील करंटच्या एक पंचमांशावर. ९ व्होल्ट दिले तर ०.६६ वॅट, सिलिकॉन ८३वर. सर्व्हो मोटर लावली की बोर्ड रीसेट होतो, या विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या तक्रारीमागे बऱ्याचदा हा हिशेब असतो.

अॅडॉप्टर बदलता येत नसेल तर वॅट वाटून घेता येतात. रेग्युलेटरच्या आधी एक रेझिस्टर टाकायचा. १२चे ५ करताना १०० मिलिअँपिअरला ०.७ वॅट जातात. ३३ ओहम टाकला तर ०.३३ वॅट तो घेतो आणि रेग्युलेटरकडे ०.३७ उरतात. एकूण उष्णता तेवढीच, पण दोन ठिकाणी. रेझिस्टर १५० अंशांवरही निवांत असतो, सिलिकॉन नसतं. अट एकच: सर्वांत जास्त करंटला आणि सर्वांत कमी इनपुटला रेग्युलेटरला पुरेसं व्होल्टेज उरलं पाहिजे, ७८०५ला आउटपुटच्या वर दोन व्होल्ट लागतात. करंट उसळ्या मारणारा असेल तर हा उपाय गळतो.

दोन रेग्युलेटर समांतर जोडले तर उष्णता अर्धी होईल, ही कल्पना अनेकांना सुचते. साध्या भागांत ती चालत नाही. ज्याचं आउटपुट काही मिलिव्होल्टने जास्त तो सगळा भार घेतो. या अडचणीवर बॉब डॉबकिन यांनी चांगलं उत्तर शोधलं. एलएम ३१७ त्यांचाच, १९७६चा. लिनियर टेक्नॉलॉजीत त्यांनी २००७ साली एलटी ३०८० आणला. त्याची रचना अशी की अनेक चिप समांतर जोडून, प्रत्येकीच्या आउटपुटला काही मिलिओहमचा छोटा ट्रॅक दिला की करंट वाटला जातो. उष्णता बोर्डभर पसरते आणि वेगळा हीटसिंक लागत नाही. बोर्डच हीटसिंक आहे हे मान्य करून चिपची रचना केली, म्हणून मला हा भाग फार आवडतो.

अर्ध्या वॅटच्या वर, आणि इनपुट आउटपुटच्या दुप्पट असेल तर बक कन्व्हर्टर, म्हणजे स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारा रेग्युलेटर, घ्यावा. सुरुवातीच्या उदाहरणात तो ८५ टक्के कार्यक्षमतेने चालला तर जळतात फक्त ०.०७ वॅट. ७८०५च्या तीन भोकांत बसणारी तयार स्विचिंग मॉड्यूलही मिळतात. जुन्या बोर्डाची उष्णता घालवायचा तो सर्वांत सोपा मार्ग. मात्र बकमध्ये इंडक्टर आणि डायोडही तापतात, लेआउट चुकलं तर स्विचिंगचा नॉइज सर्किटभर पसरतो, आणि सेन्सरच्या अॅनालॉग भागाला तो चालत नाही. तिथे बकने आउटपुटच्या किंचित वरपर्यंत आणायचं आणि शेवटचा अर्धा व्होल्ट छोट्या लिनियरने गाळायचा. त्या जागी एसओटी-२३ पुन्हा हक्काने येतो.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना निम्मं होतं, आणि लेआउटमध्ये तो रेग्युलेटरला खेटूनच बसवलेला असतो. तापमान मोजणारा सेन्सर त्याच तांब्यावर असेल तर तो खोलीचं नव्हे, रेग्युलेटरचं तापमान सांगतो.

करंटच्या उसळ्यांना घाबरायचं कारण मात्र फारसं नाही. वाय-फाय प्रसारणात ईएसपी३२ २४० मिलिअँपिअरच्या आसपास घेतो, १२ व्होल्टवर तेवढ्यापुरते दोन वॅट. पण पॅकेज तापायला सेकंद लागतात, बोर्डाला मिनिटं. काही मिलिसेकंदांच्या उसळ्या सरासरीत विरून जातात. जीएसएम मोडेम दुर्बल सिग्नलच्या गावात मिनिटभर नेटवर्क शोधत राहतो तेव्हा ती उसळी राहत नाही; तो काळ सलग लोड म्हणून मोजावा लागतो.

सगळा हिशेब झाल्यावर मोजायला हवंच. बोट टेकवून साठ अंशांच्या पुढचं काही कळत नाही. इन्फ्रारेड कॅमेरा चकचकीत धातूवर खोटं, फार कमी तापमान दाखवतो. पॅकेजच्या काळ्या प्लास्टिकवर तो बरोबर असतो, धातूवर काळी टेप लावून घ्यावी. वरच्या पृष्ठभागाच्या तापमानावरून सिलिकॉनचं काढायला डेटाशीटमध्ये साय-जेटी नावाचा वेगळा आकडा असतो, लहान पॅकेजमध्ये बहुधा काही अंश प्रति वॅटच; तो वापरावा, केसपर्यंतचा रोध नव्हे.

उपकरणं नसली तरी एक चांगला प्रयोग जमतो. चिपचं स्वतःला बंद करायचं तापमान, साधारण १५० ते १७० अंश, एका नगासाठी ठरलेलं असतं. बोर्ड तापमान बदलता येणाऱ्या ओव्हनमध्ये ठेवायचा, ठराविक लोड द्यायचा आणि हवा हळूहळू तापवत आउटपुट कधी तुटतं ते बघायचं. समजा एक वॅटला ८० अंशांच्या हवेत तुटलं आणि सव्वा वॅटला ६० अंशांच्या. पाव वॅटने वीस अंशांचा फरक पडला, म्हणजे या बोर्डावरचा खरा रोध ८० अंश प्रति वॅट आणि चिप १६०ला बंद होते. डेटाशीटचा एकही आकडा लागला नाही.

खरेदी विभागाने दुसऱ्या कंपनीचा पर्यायी भाग पाठवला की हा प्रयोग पुन्हा करावा. १११७ अनेक कंपन्या बनवतात. कमाल इनपुट कुणाचं १५ व्होल्ट आहे, कुणाचं २०. आतली लीडफ्रेम तांब्याच्या मिश्रधातूची आहे की लोह-निकेलची, हे बाहेरून दिसत नाही, आणि त्या दोघांत उष्णता वाहण्याचा फरक दहापटीहून जास्त आहे. पाय तेच, छापा तोच, लेआउट न बदलता बोर्ड बनतो, आणि ओव्हनमध्ये आउटपुट पंधरा अंश आधी तुटतं.